मुसाजीआप्पांचं तारू

ठाण्याच्या किल्ल्यात तुरुंग आहे. त्या तुरुंगाला एका सकाळी मुसाजीआप्पांनी बाहेरून सात प्रदक्षिणा घातल्या. पाचव्या फेरीला पहाऱ्यावरच्या शिपायाने हटकलं, सहावीला दम दिला आणि सातवी संपताच बखोट धरून खाली बसवलं. ओळख पटवायला मला बोलावणं आलं.

"आत कोण आहे यांचं?" शिपायाने विचारलं.

"कोणी नाही," आप्पा म्हणाले. "यरीहो शहराच्या तटाभोवती आमचे लोक एका दिवसात सात वेळा फिरले आणि तट पडला, असं शास्त्रात आहे. सात फेऱ्या होतात का, ते बघत होतो."

"आणि तट पडला असता तर?"

"ते माझ्या खात्यात नाही."

घरी येताना त्यांनी निकाल दिला, "यरीहो आपल्या तुरुंगाएवढं असेल, तर जेवणाआधी काम उरकतं."

आप्पा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. या लोकांचे घाणे शनिवारी बंद, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. आप्पांनी घाणा सोडला आणि सरकारी मोजणीखात्यात उभी हयात साखळी ओढली. पेन्शन झाली, साखळी सुटली, मोजणी सुटेना. तेव्हा त्यांनी शास्त्र मोजायला घेतलं. गल्याथ राक्षसाची उंची सहा हात एक वीत. ती त्यांनी घरातल्या भिंतीवर खडूने आखली. वरची वीत माळ्यावर गेली, त्यामुळे गल्याथाचं डोकं पाहायचं तर शिडी लावावी लागे. कोणी काहीही सांगो, आप्पांचा प्रश्न ठरलेला, "मोजलं का?"

मी त्यांचा शेजारी. आमच्या घराण्यात सही करणारा पहिला मी आणि बी. ए. होणाराही पहिला मीच. हे मी कोणालाही सांगतो. आप्पा मला 'बीए' अशीच हाक मारत.

या लोकांत तेव्हा कीर्तनाचं नवं वेड आलं होतं. आपल्या हरिकथेसारखंच सगळं, टाळ, झांजा, साक्या, दिंड्या. कथा मात्र मोशेची नाहीतर योसेफाची. आप्पांच्या बायको राहेलबाई, त्यांचा जीव कीर्तनात. एकदा शमशोनाची कथा रंगली होती. शमशोनाने तीनशे कोल्हे धरले, शेपट्यांना शेपट्या बांधल्या, असं बुवा म्हणाले मात्र, आप्पा उभे राहिले.

"पहिला कोल्हा बांधून तीनशेवा धरेपर्यंत बाकीचे काय करत होते? मोजलं का?"

लोक हसले. बुवांचं पद अडलं ते अडलंच. प्रार्थनामंदिराचे मुकादम म्हणाले, "मुसाजी, उद्यापासून कीर्तनाला घरीच बस." नवरा नाही तर आपण कसं जायचं, म्हणून राहेलबाईही घरी बसल्या. झांजांचा आवाज आला की खिडकीशी जाऊन उभ्या राहत. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, फक्त आप्पांशी बोलणं बंद केलं. जेवण वाढलं की मांजराला सांगत, "मने, पान मांडलंय म्हणावं."

दोन महिने असे गेल्यावर आप्पा वर्तमानपत्राचा एक तुकडा घेऊन माझ्याकडे आले. "बीए, वाच." बाबेलच्या मुलखात टेकाडं उकरताना भाजक्या मातीच्या विटा निघाल्या होत्या आणि त्यांवर महापुराची गोष्ट कोरलेली होती.

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे पूर आला होता! साक्षीदार परगावचा, म्हणजे भरवशाचा."

"विटेवर लिहिलं म्हणून खरं का आप्पा?"

"तुझं बीए कागदावर लिहिलंय, ते खरं ना? ही तर भाजलेली वीट आहे." मग आवाज उतरवून म्हणाले, "पुढच्या रविवारी त्याच पुराची, नोहाची कथा आहे. जनावरांच्या जोड्या मावतील असं त्याचं तारू मी मापात बसवून दाखवलं, तर मुकादम नाही कसं म्हणेल? तिला तेवढं जायला मिळेल."

शास्त्रात नोहाच्या तारवाची लांबी तीनशे हात. पण हात कोणाचा? आप्पांनी आळीतल्या प्रत्येकाचा हात कोपरापासून बोटापर्यंत मोजला. मग खाडीकाठच्या मोकळ्या जागेत खुंट्या ठोकून, दोर ताणून तारू आखलं. मिठागरावरचा एक आगरी डोकं खाजवत म्हणाला, "आप्पा, यवरी मोठी होरी खारीन मावाची नाय!"

तमाशा बघायला मुकादमही आले. आप्पांनी त्यांना सांगितलं, "बीएच्या हाताने आखलं तर हत्ती मावतात. तुमच्या हाताने नुसत्या शेळ्या."

मुकादमांचा हात खरंच आखूड होता. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "ये बाबा रविवारी. पण तोंड उघडलंस, तर कायमचा घरी."

रविवारी तिसऱ्या प्रहरी कीर्तन उभं राहिलं. मीही गेलो होतो. राहेलबाई बायकांत पुढे बसल्या होत्या. बुवांना चांगलाच रंग चढला, हात पसरून ते गर्जले, "तारू केवढं? तीन हजार हात!"

झांजा थांबल्या. माणसं आप्पांकडे वळली. राहेलबाईंनी पदर मुठीत आवळला. आपलं काही चुकलं, हे बुवांच्याही ध्यानात आलं. ते चाचरत म्हणाले, "काय आप्पा... बरोबर ना?"

आप्पा उठले. मला वाटलं, संपलं.

"बरोबर," ते म्हणाले. "चालू द्या, बुवा."

परतताना मी त्यांना हळूच म्हणालो, "आप्पा, तीनशे."

"ठाऊक आहे."

तेवढ्यात पुढे चाललेल्या राहेलबाई थांबल्या आणि मागे वळल्या. "अहो, तीन हजार हात! मग घोडे कुठे बांधले असतील हो?"

"मागच्या अंगाला," आप्पा म्हणाले. "तिथे वारा लागतो."

"आणि हत्ती?"

"दाराशी. उतरायला सोपं."

"आणि नोहाची बायको?"

आप्पांनी जरा विचार केला. "ती खिडकीशी. तिथून सगळं दिसतं."

मी दोन पावलं मागे राहिलो.