फुली मारलेला घोडा

मी हुशार माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. शेवटपर्यंत वाचल्यावर तुम्हाला ते पटणार नाही.

यंदा सुक्या हंगामात आमच्या ब्राझीलमधल्या अकिदौआनाकडचं गवत पार झाडूच्या काड्या झालं. सासरेबुवा, म्हणजे ओनोफ्री, चाळीस वर्षं बैलांना नुसतं मीठ चाटवत आलेले. मी सहकारी संस्थेच्या व्याख्यानाला गेलो आणि ट्रकभर प्रथिनांचा खुराक घेऊन आलो. त्यात एक औषध मिसळलेलं असतं, त्यानं वाळकं गवतही बैलाच्या अंगी लागतं. मात्र तेच औषध घोड्याच्या पोटात गेलं तर त्याचं काळीजच बंद पडतं. म्हणून प्रत्येक पोत्यावर घोड्याचं चित्र आणि त्यावर ही भली मोठी लाल फुली.

"आणि माझा फिदाल्गो?" सासऱ्यांनी विचारलं. फिदाल्गो हा त्यांचा म्हातारा घोडा. सासूबाई गेल्यापासून ते माणसांपेक्षा त्याच्याशीच जास्त बोलतात.

"बाबा, मधे कुंपण आहे, फाटकाला कडी आहे. शिवाय मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच विचारतोय, जावईबापू."

महिन्याभरात मी गावभर सांगत सुटलो. बैल चकाकायला लागले म्हणालो. माल इतका बरकतीचा की पोती संपतच नाहीत म्हणालो. पहिल्या काही पोत्यांची शिवण उसवावी लागली होती, पुढची दोरीनं बांधलेली निघाली, तेव्हा कंपनीला माणसाच्या बोटांची कदर आहे असंही म्हणालो. येत्या शनिवारी आजूबाजूचे दहा पशुपालक माझे बैल बघायला येणार होते.

इकडे सासऱ्यांची वेगळीच कुरकुर. "फिदाल्गोचं खाणं कुणीतरी पळवतंय. कोठारात ठेवतो आणि पोती कमी होतात."

"उंदीर असतील."

"अख्खं पोतं उचलून नेणारा उंदीर?"

"बाबा, वय झालं की मोजण्यात चूक होते," मी समजावलं. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

गुरुवारी सकाळी आम्ही अंगणात तेरेरे, म्हणजे आमच्याकडचा पानांचा थंडगार चहा, पीत बसलो होतो. शिंगाचा पेला फिरत फिरत माझ्या हातात आला, मी त्यातली नळी तोंडात धरली आणि समोर बघितलं. कुरणात, बैलांच्या मधोमध, गव्हाणीत तोंड घालून फिदाल्गो उभा! फाटकाची कडी त्यानं ओठांनी उघडली होती.

आम्ही धावलो. तोंड पिवळ्या भरड्यानं माखलेलं, आणि साहेब निवांत चघळताहेत. माझ्या बायकोनं, मार्लेनीनं, जनावरांच्या डॉक्टर जुसाराबाईंना फोन लावला. उत्तर आलं की याला उतारा नाही, घोड्याला पळवू नका, सावलीत उभा करा, मी निघालेच.

दोन तास मी दावं धरून उभा. घोडा परत गव्हाणीकडे जायला ओढतोय, मी मागे खेचतोय, मधेच त्यानं माझ्या पायावर पाय दिला. बायकोचं तोंड सुरूच. "तुझं ते व्याख्यान! कुणी सांगितलं होतं जायला?" सासरे मात्र ओरडले नाहीत. घोड्याच्या मानेला गाल लावून म्हणाले, "हा गेला तर मी सकाळी उठायचं कुणासाठी?" पाय ठणकत होता, पण त्या क्षणी मला माझीच इतकी चीड आली की पायाचं काही वाटेना.

जुसाराबाई आल्या. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं.

"ठोके तर माझ्यापेक्षा बरे पडताहेत. खाल्लं किती?"

"अर्धी गव्हाण."

"मग हा उभा कसा? पोतं आणा बरं, औषध किती आहे ते वाचू दे."

मी लंगडत कोठारातून पोतं ओढून आणलं. बाई छापलेलं वाचायला वाकल्या. सासरे पोत्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ही गाठ माझी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"रिकामी झालेली पोती तू फेकून देत होतास. एवढी चांगली पोती! मी दोनदा धुऊन वाळवली आणि त्यात फिदाल्गोचा मक्याचा भरडा आणि मीठ भरून ठेवलं, दाराजवळच. वर घोड्याचं चित्र आहे, म्हटलं ओळखायला सोपं जाईल."

कोठारात मागच्या भिंतीला खऱ्या खुराकाची पोती तशीच होती, शिवणीसकट. जवळजवळ महिनाभर माझे बैल घोड्याचं खाणं खात होते, आणि घोडा बिचारा स्वतःचंच खाणं शोधत फाटक उघडून आला होता. जुसाराबाई हसू आवरायला पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"मग गेला महिनाभर चकाकत होतं ते काय?" मार्लेनीनं विचारलं.

मी विषय बदलला. "बाबा, परवा दहा माणसं येणार आहेत. त्यांना मी काय दाखवू?"

सासऱ्यांनी फिदाल्गोच्या तोंडावरचा भरडा आपल्या बाहीनं पुसला.

"फिदाल्गो दाखव," ते म्हणाले. "तुझ्या हुशारीतून एवढा एकच वाचलाय."