फक्त याच वसंतात

मिकुरियांच्या साध्या खाऱ्या वेफर्सना निइगाता शहरात कुत्रंही विचारत नव्हतं. वेफर्सच्या कंपनीत बटाट्याला मीठ लावण्यात या माणसाचा जन्म गेला, आणि लोक धावायचे ते वसंतात चेरीच्या फुलांचे, उन्हाळ्यात कलिंगडाचे वेफर्स घ्यायला. कलिंगडाचे! चव तर विचारूच नका. पण पाकिटावर 'फक्त याच ऋतूत' लिहिलं की आमची माणसं भुसासुद्धा नेतील.

यंदा वसंतात यंत्रामध्ये चेरीचीच लेबलं राहिली आणि खारी पाकिटं 'फक्त याच वसंतात' असं मिरवत बाजारात गेली. मिकुरियांच्या लक्षात आलं तोवर दुकानं रिकामी झाली होती. ते गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मालासाठी रांग लागली होती, कोण तोंड उघडेल?

लेबल वाचून, वसंतानंतर खारे वेफर्स बंद होणार म्हणून गावभर हळहळ पसरली. ज्या बायका ते पाकीट बाजूला सारून मागचं उचलायच्या, त्या टीव्हीवर डोळे पुसू लागल्या. कंपनीतल्या साहेबांनी, म्हणजे आसाबुकींनी, मिकुरियांना बोलावून घेतलं. मिकुरिया बढतीच्या आशेनं नवा टाय लावून गेले आणि लेबलाचा घोळ त्यांनी सांगून टाकला.

"म्हणजे गिऱ्हाइकाला फसवलं म्हणून मालकांनी कॅमेऱ्यापुढे कंबरेत वाकून माफी मागायची?" आसाबुकी म्हणाले. "त्यापेक्षा वेफर्स खरंच बंद करू. लेबल खोटं ठरणार नाही."

"आणि मी?"

"तुम्हाला दुसरं काय येतं, मिकुरियासान?"

निरोप मात्र दणक्यात झाला. जेवताना कधी शेजारी न बसलेल्यांनी गळ्यात हात टाकून फोटो काढले. आसाबुकी तर हुंदके देत होते.

शरदात फोन आला. लोकाग्रहास्तव खारे वेफर्स परत, फक्त याच शरदात. बायको, कियो, म्हणाली, जाऊ नका. मिकुरिया गेले. पानं गळाली, पुन्हा निरोप झाला, या खेपेला फुलं जरा कमी होती. हिवाळ्यात पुन्हा बोलावणं आलं, पण आता पाकिटं दुकानांत तशीच पडून राहिली.

शेवटच्या दिवशी मिकुरिया कोट घालून दाराशी थांबले. कुणी मान वर केली नाही. शेवटी आसाबुकी जागेवरूनच म्हणाले, "तुम्ही सारखे सारखे जाता हो, मिकुरियासान. दर वेळी वाईट तरी किती वाटून घ्यायचं माणसानं?"