बराटेमामांचा कायदेशीर गांजा

बराटेमामा पायी चालतानासुद्धा वळायच्या आधी हात दाखवतात. रस्त्यावर दाखवतात हे एक वेळ समजू शकतं, पण ते आमच्या सोसायटीच्या जिन्यातही दाखवतात. मंडईतून येताना दोन्ही हातांत पिशव्या असल्या, तर थांबतात, एक पिशवी खाली ठेवतात, हात दाखवतात, पिशवी उचलतात आणि मग वळतात. मागे माणसं खोळंबतात. कुणी वैतागलंच, तर मामा शांतपणे म्हणतात, "घाई हाय का? मग लवकर निघायचं घरातनं."

मामा ट्रॅफिक हवालदार होते. सगळी नोकरी पुण्याच्या चौकांत उभ्यानं गेली. पुणेकराला सिग्नल पाळायला लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण मामांनी ते ओतणं काही थांबवलं नाही. निवृत्त झाले, कर्वेनगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि चौकाच्या ऐवजी आम्ही त्यांच्या तावडीत सापडलो. काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कायद्यात बसतंय का?" गच्चीत पापड वाळत घालायचे म्हटलं तरी हेच.

स्वतःच्या मुलाची वरात या माणसानं अडवली होती. परवानगी कोपऱ्यापर्यंतचीच होती म्हणे. कोपरा आला, मामांनी हात आडवा केला, बँड गप्प झाला आणि नवरदेव घोड्यावरून उतरून कार्यालयात चालत गेला. तो पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. मला यात आश्चर्य वाटत नाही.

मी मूळची नारायण पेठेतली. कुणाचं कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नाही आणि कशानं दचकायचीही नाही. पण एका दुपारी मामा माझ्याकडे आले, आपल्या हातानं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, गांजाचं कार्ड कुठं काढतात?"

मी हातातला चहा अंगावर सांडून घेतला.

भानगड मामींची होती. मामींना कॅन्सर झाला होता. उपचार झाले, आजार गेला, पण त्या औषधांनी हातापायांच्या नसांची आग मागे ठेवली. गोळ्या झाल्या, मलमं झाली, गुण येईना. मुलानं फोनवर सांगितलं, की तिकडे अशा दुखण्याला डॉक्टर गांजा देतात. ऑनलाइन तपासतात आणि रीतसर कार्ड देतात. 'रीतसर' हा शब्द ऐकून मामांचा जीव भांड्यात पडला असणार.

मी त्यांना समजावलं. इथे कार्डबिर्ड काही नसतं. पण आयुर्वेदात विजया म्हणून भांगेच्या पानांचं औषध आहे. वैद्यांना व्हिडिओवर दाखवायचं, त्यांना गरज पटली तर ते चिठ्ठी देतात आणि औषध घरी येतं.

"कायद्यात बसतंय का?"

"बसतं, मामा."

"मग कार्ड का न्हाई? उद्या कुणी अडवलं तर काय दाखवू?"

"अहो, तुमच्या स्वयंपाकघरात तुम्हाला कोण अडवणार आहे?"

"मीच," मामा म्हणाले.

मग ते ओळखीच्या वकिलांकडे जाऊन आले, औषधांच्या दुकानात विचारून आले, आणि त्यांची खात्री झाली. मामींची होईना. मामी म्हणजे शब्दाला महाग बाई, पण त्या दिवशी त्यांचा आवाज आमच्या घरात ऐकू आला. "जन्मभर नवरा खाकीत, आणि आता म्हातारपणी मी गंजेडी होऊ व्हय? काय दुखत न्हाई मला." शेवटी मुलानं फोनवरून शपथ घातली, तेव्हा कुठे बाई तयार झाली.

फोन जोडायला मला बोलावलं होतं. मामांच्या शब्दांत, पंच म्हणून. मी गेले तर मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ताठ बसलेले. टेबलावर दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड आणि काय सांगावं, लागलंच तर म्हणून लग्नाचा फोटो. मामी शेजारी पदर घट्ट लपेटून. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "जबाबात कमीच सांगावं, मॅडम. जास्त बोललं की माणूस अडकतो. ह्यांच्याकडनंच ऐकलंय जन्मभर."

मला तेव्हाच समजायला हवं होतं, की या बाई डॉक्टरांना भेटायला नाही, जबाब द्यायला बसल्या आहेत.

पडद्यावर वैद्यबाई आल्या. तरुण मुलगी होती. मामा ताडकन उभे राहिले. "मॅडम, जयहिंद!" ती बिचारीही गोंधळून "जयहिंद" म्हणाली. मामांनी सुरुवात केली. "सदर महिला माझी पत्नी असून, सदर महिलेच्या हातापायांची आग होते. सदर महिला..."

"काका, बसा ना. मला काकूंकडून ऐकायचंय," ती म्हणाली. "काकू, किती दुखतं? अजिबात नाही म्हणजे शून्य, अगदी सहन होत नाही म्हणजे दहा. तुमचं किती?"

मामींनी विचार केला. "दोन," त्या म्हणाल्या.

"दोनच? मग या औषधाची गरज नाही, काकू. तेल लावून मालिश करा, तेवढं पुरे."

मामींनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा ओरडले, "खोटा जबाब हाय!"

"अहो," मामी म्हणाल्या.

"खोटा हाय, मॅडम. रात्री उठून ही मोरीत जाती. बादलीत गार पाणी घेऊन पाय बुडवून बसती. तोंडात पदर कोंबती, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मग पाय पुसून येती, माझं पांघरूण सारखं करती आणि भिंतीकडं तोंड करून पडती. रोज. दोन कसलं दोन?"

'सदर महिला' कुठल्या कुठे गेली होती. मामी त्यांच्याकडे वळल्या.

"म्हंजे तुमी जागं असता?"

"असतो."

"मग उठला का न्हाई कधी?"

"तू एवढं जपून लपवतीस," मामा म्हणाले. "मी उठलो असतो, तर तुला रडायला कुठं जागा राहिली असती?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. आमच्या पेठेत नवराबायको एकमेकांशी असं बोलत नाहीत. कदाचित कुठेच बोलत नसतील.

मामींनी पदराचं टोक बोटांना गुंडाळलं, परत सोडलं. मग पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ बसल्या.

"बाई, दोन नका लिहू. नऊ लिहा," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांनाबी झोपेचं कायतरी द्या."