पियानोवर फोडलेला नारळ

आमच्या घरात एकही वस्तू मी बंद पडू दिलेली नाही! कूलर, मिक्सर, सासरेबुवांचा रेडिओ, सगळं चालू. अपवाद एकच, दामिनीचा उभा पियानो. दामिनी म्हणजे माझी बायको. जठारपेठेतल्या निम्म्या पोरांना तिनं त्याच्यावर सूर शिकवले. मग ती पडली, मनगट मोडलं. हाड जुळलं, पण उजव्या हाताची दोन बोटं ताठच राहिली. तेव्हापासून पियानोवर चादर! वाजव म्हटलं की म्हणायची, "अर्धवट वाजवू? त्यापरीस नाई वाजवलेलं बरं." त्या चादरीकडे बघून मला घास गिळवत नसे. खरंच सांगतो.

मग मी ठरवलं, बोटांवाचून पियानो वाजवून दाखवायचा! अमरावतीहून वाद्यं दुरुस्त करणाऱ्या हसनैनभाईंना बोलावलं. त्यांनी पट्ट्यांखाली विजेच्या कॉइलची रांग बसवली. मोबाइलवर गाणं निवडायचं, की कॉइल आपापली पट्टी हलवणार आणि पियानो आपोआप वाजणार.

दामिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "करा काय करायचं ते. मले बोलवू नका."

उद्घाटनाला भातकुलीहून माझे भाऊजी किसनराव आले. हातात नारळ!

"पायरीवर फोडू, भाऊजी," मी म्हणालो.

"पायरीवर काहून? नवा ट्रॅक्टर आणला तवा ट्रॅक्टरवरच फोडला ना आमी! मशीन ते मशीन!"

हसनैनभाईंनी पियानोचं वरचं झाकण अजून लावलं नव्हतं. आतली लोखंडी चौकट उघडी होती. भाऊजींना लोखंड दिसलं, बस!

"अरे साहब, रुको!" हसनैनभाई ओरडले.

खाडकन नारळ फुटला. पाणी तारांवरून सरळ पट्ट्यांत! वरून भाऊजींनी चिमूटभर कुंकूही सोडलं.

पुसलं, पंखा लावून वाळवलं. संध्याकाळी भीत भीत गाणं लावलं. वाजला! पण मधल्या काही कॉइल मुक्या झालेल्या. ऐन रंगात यायचं आणि सूर गायब. दात पडलेला म्हातारा गोष्ट सांगतोय असं वाटत होतं.

दामिनी हातात झारा घेऊन बाहेर आली. "बंद करा ते! ऐकवत नाई!"

"करतो, करतो!" मी मोबाइल शोधू लागलो. तो भाऊजींनी बसायला घेतलेल्या उशीखाली होता.

तेवढ्यात पुढचा सूर गळाला आणि तिनं उभ्याउभ्याच ती पट्टी दाबली. मग दुसरी. मग झारा माझ्या हातात दिला, स्टूल ओढलं आणि बसली. ताठ बोटं बाजूला, बाकीची बरोबर जागेवर. भाऊजींनी खोबरं चावायचं थांबवलं.

मी तिला नुसतं ऐकायला बसवणार होतो. आयुष्यभर सूर दिलेल्या बाईला मी श्रोता करायला निघालो होतो! तिच्यावाचून अडेल अशी एखादी जागा तिला हवी होती. हे माझ्या नाही, भाऊजींच्या नारळाच्या लक्षात आलं.

आठवड्यानं हसनैनभाईंचा फोन आला. "नयी कॉइल आ गयी. कब आऊं?"

"घाई नाही हो," मी म्हणालो.

उलट अधूनमधून मीच एखाद्या चांगल्या पट्टीची वायर हळूच सोडवतो. काल आणखी एक सोडवली. संध्याकाळी दामिनीनं तो नवा सूरही अचूक भरला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं!

उठताना ती म्हणाली, "अहो, वायर काढता तं आत खोचून तरी ठेवत जा. बाहेर लोंबून राह्यली."