डावीकडे आत्या, उजवीकडे तमिळ

पेणच्या म्हात्रेकाकांकडे लग्नाची कॅसेट सीडीवर उतरवायला नेली, की ते पहिला प्रश्न विचारत, "लगीन कोनच्या भाषेत झालं?"

गिऱ्हाईक गोंधळून म्हणे, "मराठीतच की."

"भटजी?"

"संस्कृत."

"बँडवाला?"

"तो हिंदी गाणी वाजवत होता."

"आनि बायका काय म्हनत होत्या?"

बायकांकडे कुणाचं लक्षच गेलेलं नसायचं. काका मान हलवत कॅसेट ठेवून घेत. "चित्र कुनीपन उतरवील. मी आवाज उतरवतो."

नव्वदीची शेवटची वर्षं होती. व्हिडिओ सीडी नुकत्याच घरोघर येऊ लागल्या होत्या आणि पेणमध्ये कॅसेटवरून सीडी करून देणारं काकांचं एकच दुकान होतं. एसटी स्टँडमागे एक खोली, कॉम्प्युटर, दोन व्हीसीआर आणि स्टुलावर पन्नाशीतले काका. माणूस मूळचा धरमतरकडचा, मिठागरावरच्या घरातला. एकटाच राहायचा.

सीडीत आवाजाला दोन वाटा असतात, डावी आणि उजवी. इतर ठिकाणी दोन्हीकडे एकच आवाज भरून मोकळे होत. काका मात्र डावीकडे लग्नातला मूळ आवाज ठेवत, भांडी पडल्याच्या आवाजासकट, आणि उजवीकडे गिऱ्हाइकाला हवी ती गाणी किंवा सनई. रिमोटवरचं बटण दाबलं की हवी ती बाजू ऐकू येई. न दाबलं, तर दोन्ही एकदम.

आणि लोक बटण दाबत नसत. खांब गावचे एक गृहस्थ तणतणत आले. "काका, भटजींच्या तोंडून बाई गातेय. सासरे खूश आहेत, पण मला हे चालणार नाय."

काका त्यांच्याबरोबर एसटीने खांबला गेले, घरच्या सगळ्यांना बटण दाबायला शिकवलं आणि विसरू नये म्हणून त्यावर लाल टिकली चिकटवली. तेव्हापासून टिकल्यांचं पाकीट त्यांच्या खिशात असायचं. त्यावरून गावात बरीच चर्चा झाली. काकांनी ती होऊ दिली.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या बहिणीच्या, शुभांगीच्या लग्नामुळे. मी रोह्याला एका केमिकल कंपनीत स्टोअरला होतो. तिथल्याच रामनाथन नावाच्या तमिळ इंजिनियरशी तिने लग्न ठरवलं. आमच्याकडे महिनाभर कुरकुर होऊन थांबली. त्याच्या आईने मात्र लग्नाला यायचंच नाकारलं. तिला सून नात्यातली हवी होती. निदान लग्न कसं झालं ते तिला दिसावं, म्हणून सीडी पाठवायचं ठरलं.

काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. रामनाथन म्हणाला, "अर्धं मराठी, अर्धं तमिळ." काका इतके खूश झाले की त्यांनी त्याला स्वतःचं स्टूल दिलं.

मी त्यांना बाजूला घेऊन माझी अडचण सांगितली. आमच्या भागीरथी आत्याने हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गायले होते. लग्नविधींची ही पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या बाईला आमच्यात धवलारीण म्हणतात, आणि आत्या आमच्या खाडीपट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. पण आवाज रापलेला, मधे खोकला. शिकल्यासवरल्या घरात सीडी जाणार. मी म्हटलं, "काका, तेवढा आत्याचा आवाज काढून सनई टाका."

काकांनी कॅसेट माझ्या हातात परत ठेवली. "दुसरीकडं न्या, पाटील. आवाज पुसायचा धंदा मी करत नाय."

दुसरीकडे म्हणजे कुठे? मी मुकाट्याने कॅसेट त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी ठरवलं, की डावीकडे आत्यासकट सगळं लग्न राहील आणि उजवीकडे तमिळमधून माहिती. रामनाथन बोलायला तयारच होता.

"तू नको," काका म्हणाले. "तुझ्यावरच रुसलेय ना आई? सून बोलंल."

शुभांगीला तमिळचा एक शब्द येत नव्हता. रामनाथनने वाक्यं सांगितली, तिने ती देवनागरीत लिहून घेतली आणि पंधरा दिवस घोकली. तिच्या घरात भाजीसुद्धा तमिळमध्ये चिरली जाऊ लागली. रेकॉर्डिंगच्या दिवशी काकांनी पंखा बंद केला, खिडकीला गोधडी लावली आणि शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन काचपेपर घासणं तासभर थांबवून आले.

पडद्यावर आत्या आली तेव्हा शुभांगीने वाचलं, "इवंग एन अत्तै." या माझ्या आत्या.

काकांनी हात वर केला. "आत्या म्हनजे अत्तै?"

"हो," रामनाथन म्हणाला. "आणि सासूलाही अत्तैच म्हणतात."

काकांनी जरा विचार केला. "मग परत म्हन गो बाय. आता दोघींना ऐकू जाईल असं म्हन."

तिने म्हटलं. तिचा आवाज कापला. काकांनी तेच ठेवलं.

सीडी गेली. तीन आठवडे काहीच कळलं नाही. मग रामनाथनच्या बहिणीचा फोन आला. आई पहिल्यांदा सीडी बघून उठून आत गेली होती. दुसऱ्या दिवशी मात्र तिने स्वतःच ती लावली आणि मग रोज लावू लागली. आधी सुनेचं तमिळ ऐकायची, मग दुसरी बाजू लावून गाणाऱ्या बाईचं ऐकत बसायची. दोन महिन्यांनी ती रोह्याला आली. सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि पहिलं विचारलं, गाणाऱ्या अत्तै कुठे आहेत? आत्याला बोलावलं. दोघींनी दुपारभर एकमेकींना आपापली गाणी ऐकवली. कुणालाही एक शब्द कळला नाही, आणि कुणी अर्थ विचारलाही नाही. मी त्यांना चहा नेऊन देत होतो. जो आवाज मी पुसायला निघालो होतो, त्याचा मला एवढा अभिमान वाटत होता, की कुणी न मागताही मी पुन्हा चहा टाकला.

चार दिवसांनी आत्या म्हणाली, "मना त्या मानसाला बघाचा हाय. माझा आवाज एवरा लांब नेलान त्यानं."

मी तिला पेणला घेऊन गेलो. काकांनी सगळी हकीकत दोनदा ऐकली. छाती फुगली होती, पण म्हणाले एवढंच, "सांगितलं व्हतं ना."

मग त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि कपाटातून एक जुनी कॅसेट काढून व्हीसीआरला लावली. त्यांच्या बहिणीचं लग्न. मांडवात नऊवारीतली एक म्हातारी गात होती. तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत होता सिनेमातल्या गाण्याचा.

"माझी आई," काका म्हणाले. "धवलारीन होती. तवा नवीन मशीन घेतलं होतं, हौसेनं गानी भरली. कॅसेटमदी आवाजाला एकच वाट. खालचं सगलं गेलं. सहा महिन्यानं ती पन गेली." त्यांनी आवाज पूर्ण बंद केला. "भागीरथीबाय, कोनता धवला म्हनते ती, सांगाल काय? मना दहा वर्सं ओठ बघून कलत नाय."

आत्या स्टूल ओढून पडद्याशी बसली. कॅसेट दोनदा मागे नेली. ती ओठांकडे बघत पुटपुटत राहिली. मग म्हणाली, "नवरीला न्हाऊ घालताना म्हनतात तो हाय," आणि त्या ओठांच्या चालीने, सावकाश, गाऊ लागली. म्हातारी श्वास घ्यायला थांबली की आत्याही थांबायची.

मी हळूच म्हटलं, "काका, रेकॉर्ड करा ना. कॅसेटवर भरता येईल."

त्यांनी मान हलवली. "नको. तो यांचा आवाज हाय, आईचा नाय," ते म्हणाले. "काय म्हनत होती, ते कललं."

आणि डोळे मिटून ऐकत राहिले.