डाखोळे काकांना गुन्हा कबूल नाही

डाखोळे काका कुरियरवाल्याला सही देत नाहीत, जबाब देतात. आधी पाकीट उलटसुलट बघतात, मग पावतीवरची प्रत्येक ओळ बोटाखाली धरून वाचतात आणि सहीच्या वर बारीक अक्षरात लिहितात, 'पाकीट बंद मिळाले. आत काय आहे, माहीत नाही.' एकदा कुरियरवाला कंटाळून म्हणाला, "अंकल, चादर है. आंटी ने मंगाई है." काका म्हणाले, "वो तुम्हारा कहना है."

मी मूळचा नाशिकचा. नवा रायपूरच्या एका सरकारी संस्थेत नकाशे तपासायची नोकरी लागली आणि समता कॉलनीत काकांच्या शेजारचं घर भाड्याने मिळालं. काका भंडाऱ्याचे, पण सगळी नोकरी रायपूरच्या कोर्टात. ते तिथे रीडर होते, म्हणजे न्यायाधीश साहेबांच्या खालच्या टेबलाशी बसून फायली पुढे सरकवणारे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी कोर्ट त्यांच्यातून उठलेलं नाही.

घरात त्यांचा रोजचा खटला काकूंशी. मी एकदा दही मागायला गेलो तेव्हा काकू म्हणत होत्या, "डब्यातले लाडू तुम्हीच खाल्ले."

"आरोप आहे, गुन्हा नोहे," काका शांतपणे म्हणाले. "तारीख, वेळ, ठिकाण सांग पहिले."

"आता. इथं. माह्या डोळ्यापुढं."

"मंग तू साक्षीदार आहेस. साक्षीदाराले निकाल देता येत नाही."

त्यांच्या मिशीला बेसन लागलेलं होतं. ते मी सांगितलं नाही. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलू नये ही काकांचीच शिकवण.

कॉलनीच्या बैठकीत एकदा शुक्लाजींच्या कुत्र्याला हाकलायचा ठराव आला. दूधवाल्याची पँट फाडली असं म्हणणं होतं. काका कुत्र्याच्या बाजूने उभे राहिले. पँट कुठे आहे, ती आधीच फाटकी नव्हती हे कशावरून, कॉलनीत त्या रंगाचे कुत्रे किती, असं त्यांनी दूधवाल्याला इतकं विचारलं की तो शेवटी म्हणाला, "रहने दो बाबूजी, हो सकता है कील में फँसी हो." कुत्रा संशयाचा फायदा मिळून सुटला. पुढच्या आठवड्यात त्याने काकांचा पायजमा फाडला. काकांनी तक्रार केली नाही. "एका घटनेवरून दुसरी सिद्ध होत नाही," म्हणाले.

नवा कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, तेव्हा मात्र काका महिनाभर घुम्यासारखे होते. मग त्यांनी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला आणि पाठ करायला घेतला. "आता कोणाले चारसोबीस म्हणता येत नाही," ते मला गंभीरपणे म्हणाले. "तीनसे अठरा म्हणा लागते. लोकाइले समजतच नाही का शिवी दिली म्हणून."

मी हसायचो. मग एक दिवस मीच आरोपी झालो.

झालं असं, की समोरच्या प्लायवूडच्या दुकानाचा टेम्पो रोज सकाळी आमच्या फाटकापुढे उभा असायचा. त्या दिवशी माझी ऑफिसची बस सुटत होती. मी टेम्पोसमोर उभा राहून दुकानदाराला बोलावलं. तो तावातावाने आला, त्याने माझा दंड धरला, मी हात सोडवला आणि त्या झटक्यात माझा टिफिन त्याच्या कानावर बसला. आत भेंडी होती. वर माझं हिंदी नाशिकचं. संध्याकाळी भेटून बोलू, असं मला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "मैं शाम को आपको देखता हूँ."

संध्याकाळी तो ठाण्यात. रस्ता अडवला, मारलं, जिवे मारण्याची धमकी दिली, असे तीन आरोप.

ठाण्यातून फोन आला. नोकरी अजून पक्की व्हायची होती, पोलीस पडताळणीचा कागद बाकी होता. बायको रडवेली झाली. काका मात्र इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. मला वाटतं, इतके आनंदात मी त्यांना दिवाळीतही पाहिलं नव्हतं.

"ऐक," रिक्षात ते म्हणाले. "नोटिशीवर सही करायची, वाचून. पोलिसासमोरच्या बयानावर सही नाही करायची. आपल्याच विरुद्ध बोलाले तुले कोणी भाग पाडू शकत नाही. आणि माफी मागत सुटू नको. तुमाले नाशिककडं सवय असते."

ठाण्यात हवालदाराने नोटीस पुढे केली. काकांनी चष्मा पुसला. "हम पढ़ेंगे."

"हव कका, पढ़ लो," हवालदार म्हणाला. त्या गरिबाला काय माहीत. काकांनी नोटीस तीनदा वाचली. हवालदाराचा चहा झाला, दुसरा झाला. सहीच्या वर दोन बोटं कोरी जागा होती, तिथे मागून कोणी काही लिहू नये म्हणून काकांनी त्याच्याच पेनाने आडवी रेघ मारली, मग मला सही करू दिली, आणि एक प्रत मागून घेतली. निघताना हवालदार मला हळूच म्हणाला, "भैया, अगली बार अकेले आना."

पुढे खटला उभा राहिला. पहिल्या तारखेला साहेब आलेच नाहीत. दुसऱ्या तारखेला वकिलांचा संप. तिसऱ्या तारखेपर्यंत माझ्या सुट्ट्या संपत आल्या होत्या आणि ऑफिसात लोक माझ्या टिफिनकडे बघून हसत होते. आमच्या वकील दीदी हुशार होत्या, पण घाईत असायच्या. त्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या एका माणसाने मला सल्ला दिला, "कबूल कर लो भैया. थोड़ा जुर्माना, कोर्ट उठने तक बैठना, शाम को घर."

मला ते फार गोड वाटलं. मी काकांना म्हटलं, "करून टाकतो ना कबूल. एवढंसं तर आहे."

काकांच्या चेहऱ्यावरचा सगळा खेळकरपणा गेला. "केलं का तू?"

"मारायचं नव्हतं मला. पण..."

"मंग कबूल काहून करून राहिला?" ते हळू पण कठोर आवाजात म्हणाले. "शिक्षा सायंकाळी संपते, भामरे. दोषी हा शब्द नाही संपत. प्रत्येक फॉर्ममधी एक रकाना असते, कधी दोषी ठरला काय. तिथं हो लिहा लागते. खोटं लिहिलं तर अजून वाईट. आरोपी आहेस तू, दोषी नाही. कोण्या बाकावरच्या माणसासाठी दोषी होऊ नको."

नाव पुकारलं. साहेबांनी आरोप वाचून विचारलं. मी म्हणालो, "कबूल नाही." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

दोन तारखांनंतर दुकानदारही दमला. वकील दीदी म्हणाल्या, "अच्छा मौका है, राजीनामा कर लो."

मी भिंतीला टेकलो. इतक्या दिवसांची खटपट, आणि शेवटी नोकरी सोडायची? काका मला धरून म्हणाले, "अबे, इथं राजीनामा म्हणजे समझोता." तो झाला. साहेबांनी मला निर्दोष सोडलं. त्याचा कागद काकांनी चारदा वाचला, मग माझ्या हातात दिला. दुकानदाराने टेम्पो गल्लीच्या टोकाला उभा करायचं कबूल केलं आणि मी त्याच्यापुढे हिंदीत शक्य तितकं कमी बोलायचं.

त्या रविवारी पेढे घेऊन गेलो तर काका घरी नव्हते. काकू म्हणाल्या, "उरल्याले गेले. दर रविवारी जातात." आणि जरा थांबून, "जाऊन पाय तू. मले सांगत नाही, पण मले माहीत आहे."

मी स्कूटर काढली. उरला म्हणजे शहराबाहेरचा कारखान्यांचा भाग. तिथे एका बंद पडलेल्या रोलिंग मिलच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. बाजूने ट्रक जातात, बाकावर काळी धूळ बसते. त्या बाकावर काका बसले होते. आसपासच्या कारखान्यांतले पाच-सहा कामगार आपापले कागद घेऊन उभे होते, कोणाला नोटीस, कोणाला समन्स. काका एकेक ओळ बोटाखाली धरून वाचत होते, मग हिंदी-छत्तीसगढीत समजावत होते. प्रत्येकाला शेवटी एकच प्रश्न विचारत होते, "यहाँ कोई रामाधार काम करता था, जानते हो?" नकारार्थी मान हलायची.

लोक पांगल्यावर मी शेजारी बसलो. पेढा दिला. त्यांनी तो हातातच ठेवला.

"या मिलमधी होता," ते म्हणाले. "मारामारीची केस. तारखेले आला का त्याची रोजी जाये. एक दिवस माह्या टेबलाशी वाकून काही सांगून राहिला होता. बोर्डावर साठ केसेस होत्या. मी म्हटलं, कबूल कर, मोकळा हो, काही होत नाही. त्यानं केलं. माह्या कामातली एक फाईल कमी झाली."

एक ट्रक गेला. काकांनी धुळीपासून पेढ्यावर तळहात धरला.

"चार-पाच वर्षांनी आला. सरकारी ड्रायव्हरची नोकरी लागली होती, पडताळणीत गेली. मले म्हणे, बाबूजी, आपने कहा था कुछ नहीं होता. भांडला नाही. नमस्कार करून गेला."

मी विचारलं, "भेटला तर काय सांगाल?"

"मी काय सांगणार? त्यालेच विचारीन," काका म्हणाले. "का बा, त्या दिवशी वाकून काय सांगून राहिला होता."

टपरीवाल्याने आमच्यासमोर चहा ठेवला. फाटकाकडून एक म्हातारा कामगार सायकल हाताने ढकलत येत होता. काकांनी बाकावर सरकून त्याच्यासाठी जागा केली.