डोळेवाली विमलअक्का

घरात पाहुणा आला की आमच्या विमलअक्का आधी फळीवरच्या प्राण्यांची तोंडं भिंतीकडे फिरवायच्या आणि मग पाहुण्याला पाणी द्यायच्या.

"अनोळखी माणसाला बुजतात ती," असं वर सांगायच्या. पाहुणा हसायचा, अक्का हसायच्या नाहीत. चहा होईपर्यंत पाहुण्याला फळीवर फक्त शेपट्या दिसायच्या.

विमलअक्का म्हणजे माझी थोरली नणंद. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला मी लग्न होऊन डोंबिवलीला आले, तेव्हा मलाही सगळ्या शेपट्याच दिसल्या. पंखांचे घोडे, कपाळावर एकच शिंग असलेले घोडे, तोंडातून जाळ काढणारे सरडे, वरून बाई आणि खालून मासा, गरुडाच्या तोंडाचा सिंह. जगात नसलेलं सगळं आमच्या फळीवर होतं. मी तेव्हा मान वर करून कोणाशी बोलायचे नाही. आठ दिवस बोललेच नाही. नवव्या दिवशी अक्कांनी एक शिंगवाला घोडा उचलला, माझ्याकडे तोंड करून ठेवला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आई, हा आणि शकू एका वाणाचे. दोघांना आवाज नाही. बघू दे एकमेकांकडे."

सासूबाई म्हणाल्या, "सुनेला घोडा म्हणतेस का गं?"

"घोडा नाही, शिंग्या," अक्का म्हणाल्या.

तेव्हापासून मला ते घर आपलं वाटायला लागलं.

अक्का एमआयडीसीत खेळण्यांच्या कंपनीत होत्या. तिथला माल परदेशात जायचा. साच्यातून प्लास्टिकचे प्राणी निघायचे, बायका ते रंगवायच्या. कोणी शेपूट, कोणी पंख, आणि डोळे फक्त अक्का. चार केसांचा ब्रश, श्वास रोखायचा आणि टिंब द्यायचं. दिवसभर डोळे काढून काढून त्यांना सगळीकडे डोळेच दिसायचे. कंपनीत त्यांचं नावच डोळेवाली पडलं होतं. "डोळा चुकला की प्राणी मेला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बाजारात मासा घेताना सगळेच डोळा बघतात. अक्का वांग्याचा बघायच्या. एकदा आम्ही कुकर घ्यायला गेलो. दुकानदाराने चार कुकर दाखवले. अक्कांनी एकेकाला उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "डोळा बरा नाही याचा." दुकानदार बिचारा कुकर उलटासुलटा करून डोळा शोधायला लागला. माझ्या मामेबहिणीला बघायला मुलगा आला होता. तो गेल्यावर सगळ्यांनी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे. पण तोंड आधी बोलतं, डोळा मागून पोचतो." ते स्थळ तिथेच बारगळलं. मामी वर्षभर अक्कांशी बोलली नाही.

फळीवरचे बरेचसे प्राणी बाद माल होते. एका पंखाचा, तुटक्या शिंगाचा, पोटात बुडबुडा राहिलेला. कंपनी ते फेकून द्यायची, साहेबाला विचारून अक्का घरी आणायच्या. सुरी तापवून सांधायच्या, पण डोळे मात्र पुन्हा नव्याने काढायच्या.

उरलेले प्राणी अदलाबदलीचे. ठाण्याच्या कोळीवाड्यात हिरानाखवा म्हणून एक म्हातारे होते. बोट मुलांच्या हवाली करून रिकामे झालेले. त्यांचा भाऊ जहाजावर होता, तो बंदराबंदरांतून चिनी मातीचे प्राणी आणायचा. हिरानाखवा महिन्यातून एका रविवारी पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर हजर व्हायचे. "काय गो विमल, बुजलीत काय तुजी पोरा?" असं ओरडतच यायचे.

पैशाचं नाव काढायचं नाही, हा दोघांचा नियम. "पैसे दिले की तो प्राणी राहत नाही, सामान होतं," अक्का म्हणायच्या. दुसरा नियम असा, की द्यायचा तर आवडता द्यायचा. आणि तिसरा सगळ्यात कठीण. दोघांनी आपापला प्राणी ओट्याच्या मधोमध ठेवायचा, पाठ फिरवून बसायचं आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत जो मागे वळून बघेल त्याचा जीव त्या प्राण्यात आहे असं समजायचं आणि सौदा मोडायचा. बहुतेक सौदे मोडायचेच. चाळीतले लोक बघायला जमायचे. पन्नाशीची बाई आणि सत्तरीचा नाखवा एकमेकांकडे आणि दोन सरड्यांकडे पाठ करून चहा पिताहेत, याच्यापेक्षा मोठी करमणूक आमच्या चाळीत रविवारी नव्हती.

काचेचं वेड नंतर लागलं. कंपनीच्या शेजारच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री रंगीत काचांच्या खिडक्या करायचे. जेवणाच्या सुट्टीत अक्का डबा घेऊन तिथे उभ्या राहायला लागल्या. काच हिरकणीच्या, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने कशी ओरखडायची, टिचकी मारून कशी फोडायची, तुकडे शिशाच्या पट्टीत कसे बसवायचे, सांध्याला कथलाचा डाख कसा द्यायचा, हे त्या नुसतं बघून शिकल्या. मिस्त्री म्हणायचे, "बाई, हात कापेल." अक्का म्हणायच्या, "कापू दे, आधी काच नीट कापली जाऊ दे."

पहिलं काम आमच्या दुधाच्या कपाटाच्या दाराचं. दाराची काच फुटली होती, तिथे अक्कांनी हिरव्या-पिवळ्या तुकड्यांचा जाळवाला सरडा बसवला. सासूबाईंनी दोन दिवस त्या कपाटातलं दूध घेतलं नाही. पण रोज दूध पिऊन जाणारी मांजर त्या दिवसापासून यायची बंद झाली, तेव्हा सासूबाईंनीच शेजारणीला बोलावून सरडा दाखवला. मग अख्ख्या चाळीची कपाटं अक्कांकडे यायला लागली. लोक कमळ मागायचे, मोर मागायचे. अक्का कमळच करायच्या, पण नीट बघितलं तर पानाआड एखादं शिंग निघायचंच.

आता जे मनात होतं ते लिहिते. अक्कांच्या अंगावर कोड होतं. हातांवर, मानेवर, ओठाच्या कडेला पांढरे डाग. त्या उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या घालायच्या. लग्न झालं नाही ते त्यामुळेच, पण त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मी यायच्या आधी आमच्या बुद्धविहारात एका लग्नाची पंगत होती. अक्का भात वाढायला उठल्या आणि एका बाईने ताट मागे ओढलं. अक्कांनी भाताचं पातेलं खाली ठेवलं, बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. त्या दिवसानंतर त्या विहारात आत गेल्या नाहीत. आम्ही सगळे आत जायचो, त्या पायरीवर बसायच्या. "मी चपला राखते," म्हणायच्या. इतकी वर्षं राखल्या, की कोणाची चपल कोणती हे त्यांना तोंडपाठ होतं. मी आत बसून वंदना म्हणायचे आणि माझं सगळं लक्ष दाराकडे. एकदा तरी अक्कांनी माझ्या शेजारी येऊन बसावं, एवढंच मला वाटायचं.

नव्वदच्या पुढे जुना विहार पाडून नवा बांधायला घेतला. पूर्वेच्या भिंतीत गोल खिडकी ठेवली होती. मंडळाचे अध्यक्ष बनसोडेकाका सभेत म्हणाले, "तिथे साधी काच लावू." मी बायकांत मागे बसले होते. मी सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी कसं कोण जाणे, मी उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या अक्का करतील, रंगीत." आणि खाली बसले. काकांनी विचारलं, "प्राणी नाही ना काढणार?" सगळे हसले, पण ठरलं.

अक्का भडकल्या. "कोणाला विचारून बोललीस? शिंग्याला आवाज फुटला का एकदम?" तासाभराने म्हणाल्या, "करते. पण मी आत पाय टाकणार नाही. माप तू आणायचं."

मी वर्तमानपत्रं चिकटवून खिडकीच्या गोलाएवढा कागद कापून आणला. अक्कांनी त्याच्यावर पिंपळाचं पान काढलं, हिरवं, पानाच्या मागे लाल सूर्य आणि भोवती पिवळी कड. हिरवी काच होती, पिवळी होती. पाहिजे तशी लाल मिळेना. लाल होती हिरानाखवांकडे. घोडबंदर रोडला इमारतींसाठी एक जुना बंगला पाडला, तिथून त्यांनी ती आणली होती. माणकासारखी होती.

नाखवा म्हणाले, "काच देतंय गो. पन मना तो सिंव पायजे."

गरुडाच्या तोंडाचा सिंह. चिनी मातीचा, कधीकाळी नाखवांकडूनच आलेला, फळीवरचा सगळ्यात देखणा प्राणी. त्याच्यावरून सात वर्षांत सात सौदे मोडले होते. अक्कांनी तो आणून ओट्यावर ठेवला, शेजारी काच. दोघं पाठ करून बसले. मी चहा दिला. सगळी चाळ जमली. अक्कांनी चहा फुंकून फुंकून प्यायला. कप बशीत ठेवला. वळल्या नाहीत. नाखवाच वळून त्यांच्याकडे बघायला लागले. "गो विमल, बग तरी येकदा. मी मोरतंय सौदा."

"चहा संपला नाखवा," अक्का म्हणाल्या. "न्या त्याला. आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग ओळख देईल."

महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात खिडकी होत होती. आम्ही जेवायला दारात बसायचो. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी ती गोधडीत गुंडाळून हातगाडीवरून विहारात नेली. चौघांनी उचलून भोकाला लावली. आणि ती बसेना.

बनसोडेकाकांनी माझ्याकडे बघितलं. "शकूबाई, माप गिलाव्याच्या आधी घेतलं होतं का तुम्ही?"

गिलाव्याच्या आधीच घेतलं होतं. नंतर भिंतीला गिलावा झाला आणि भोक चारी बाजूंनी भरत आलं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रडत पायरीवर गेले. अक्का चपला राखत होत्या.

"किती बसत नाही?"

"बोटभर."

"कोणाच्या बोटाने? सगळीकडून, का एकाच अंगाला?"

काका बाहेर येऊन म्हणाले दोन बोटं. सुतार म्हणाला डावीकडे जास्त. आमचे हे म्हणाले, थोडी ठोकली तर जाईल. ठोकली तर, हे ऐकल्यावर अक्का उठल्या. "ठोकतोस? काच आहे ती, खुंटी नाही!" त्यांनी आपल्या चपला काढल्या, पायाने ह्यांच्याकडे सरकवल्या. "राख," म्हणाल्या, आणि तरातरा आत गेल्या.

मी तिथेच उभी राहिले. मला हसू येत होतं आणि डोळे पुसायचेही होते.

संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी बाहेरची पिवळी कड सोडवली, एकेक तुकडा पुन्हा कापला, डाख दिला. रिकाम्या विहारात आम्ही दोघीच होतो. मला म्हणाल्या, "सकाळी लोक यायच्या आत बसवून निघते मी. सुताराला सहाला बोलाव, पट्ट्या ठोकायला."

सकाळी खिडकी भोकात अशी बसली, की जणू भिंत तिच्याभोवती बांधली होती. पण सुताराचा पत्ता नाही. पट्ट्या ठोकल्याशिवाय सोडली तर खिडकी आत पडणार. अक्का स्टुलावर चढून दोन्ही हातांनी ती धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, मी धरते. "तुझा हात पुरत नाही, गप उभी राहा." सात वाजले. पांढऱ्या साड्या नेसून बायका यायला लागल्या, पुरुष आले, पोरं आली. अक्कांना हलता येईना. हात वर, बाह्या कोपरापर्यंत घसरलेल्या, डाग सगळ्यांसमोर. "सुताराचा डोळा फुटला का," एवढंच पुटपुटत होत्या.

आणि मग ऊन आलं. अक्कांच्या डोक्यावरून, पानातून, सूर्यातून सगळ्या विहारात उतरलं. पांढऱ्या साड्यांवर हिरवे, लाल, पिवळे डाग पडले. कोणाच्या गालावर, कोणाच्या कपाळावर. बनसोडेकाकांचं टक्कल अर्धं पिवळं झालं. ही माझी नणंद, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तेवढा आवाज माझ्याजवळ त्या दिवशीही नव्हता.

सुतार आला, पट्ट्या ठोकल्या गेल्या. अक्का स्टुलावरून उतरल्या आणि दाराकडे बघायला लागल्या. दारापर्यंत माणसं दाटीने बसली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. मी थोडी सरकले. त्या माझ्या शेजारी बसल्या. वंदना सुरू झाली.

आमच्या पुढे बनसोडेकाकांची चार वर्षांची नात बसली होती. तिच्या हातावर लाल डाग पडला होता. तिने तो फ्रॉकने घासला, थुंकी लावून घासला. जाईना, म्हणून ती रडवेली होऊन मागे वळली आणि हात अक्कांपुढे धरला. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्या आईकडे. आई बघत होती, पण तिने पोरीला ओढून घेतलं नाही. अक्कांनी हळूच तो हात आपल्या हातात घेतला.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "छान दिसतोय."